उद्धवरावांची निर्जंतुक न्हाणी

मांजर पाळावं की नाही, यावर उद्धवरावांच्या घरी वाद झालाच नाही. कारण पिल्लू आधी घरात आलं आणि विचार मागाहून. मोशीच्या रस्त्यानं सायकलवरून येताना त्यांना ते काटेरी झुडपात केकाटताना दिसलं. त्यांनी ते पिशवीत घातलं, आणि पिसवांचं अख्खं गाव बिऱ्हाडासह त्यांच्या घरी मुक्कामाला आलं.

"रविवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे," त्यांच्या सौभाग्यवती शालनबाई म्हणाल्या. "बायका सतरंजीवर बसणार. तोवर पिसवा गेल्या तर मनी राहील. एक जरी दिसली, तरी जिथून आणलीत तिथं सोडून यायचं."

उद्धवरावांनी पिल्लाला आणखी जवळ ओढलं. मनी एव्हाना त्यांच्या काखेत झोपायला शिकली होती.

पण माणूस मूळचा चौकस. त्यांनी एक पिसू कागदावर धरून भिंगातून पाहिली. काय ते मागचे पाय! काय ती उडी! ती उडी शालनबाईंच्या गादीवर संपली, याचंही त्यांना शास्त्रीय समाधानच वाटलं.

शेजारचे रंगराव म्हणाले, "घासलेट चोळा, राव. एक पिसू राहायची नाही."

"आणि मांजर?"

"मांजराचं मी कुठं बोललो?"

(फुकट सल्ला देणाऱ्यांवर सरकार अजून कर का बसवत नाही, हे कोडं आहे.)

उद्धवराव पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कारकून होते. काम बाटल्या मोजण्याचं, पण जंतू म्हटलं की छाती फुगायची. तिथल्या निर्जंतुक विभागात ते कधीच गेले नव्हते, त्यामुळे तिथले नियम त्यांना तोंडपाठ होते: बाहेरचे कपडे बाहेरच काढायचे, दार घट्ट लावायचं, कुणाला आत घ्यायचं नाही. (आत गेल्यावर उकळलेला अंगरखा घालतात, हा नियमाचा उत्तरार्ध त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.)

रविवारी दुपारी त्यांनी सदरा आणि धोतर बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलं आणि नुसत्या लंगोटावर, मनीला घेऊन न्हाणीत शिरून कडी लावली.

"अहो, बायका यायची वेळ झाली!"

"प्रयोग चालू आहे! आत कोणी यायचं नाही!"

कोमट पाण्याच्या घंगाळात त्यांनी मनीला हळूहळू बुडवायला सुरुवात केली. पाय बुडाले, पिसवा पोटावर. पोट बुडालं, पिसवा पाठीवर. पाठ बुडाली, तशा त्या मानेवरून डोक्यावर गोळा झाल्या. अहाहा! भिजायला नको म्हणून सगळी फौज कोरड्या टेकडीवर चढत होती. नीट बघावं म्हणून उद्धवराव वाकले. अगदी नाकाला नाक लागेस्तोवर वाकले.

मनीलाही कोरडी टेकडी हवीच होती. तिनं एका झेपेत उद्धवरावांचं डोकं गाठलं, तिथं मनसोक्त अंग झाडलं आणि खाली उतरून दाराच्या फटीतून पसार झाली. पिसवांना दाट, कोरडं, तेल लावलेलं रान मिळालं. त्या तिथंच राहिल्या.

उद्धवरावांनी कडीला हात घातला आणि बाहेर बांगड्या वाजल्या. बायका आल्या होत्या. कपडे खुंटीवर, खुंटी बायकांच्या डोक्यावर.

शालनबाईंनी मनीला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. गावातल्या सुभद्राबाईंनी तिचे कान उलटून पाहिले, शेपटी फुंकून पाहिली.

"आगं बया! रस्त्यावरचं पिल्लू आन् एक बी पिसू न्हाई?"

"एकसुद्धा नाही. आता राहिली ती आमच्याकडंच," शालनबाई अभिमानानं म्हणाल्या.

न्हाणीत उद्धवरावांचे डोळे भरून आले. ते पुसायला मात्र हात मोकळा नव्हता. दोन्ही हात डोक्यात होते. खरखर, खरखर आवाज बाहेर येऊ लागला. मग तांब्या पडला. मग कुणीतरी कळवळून "अगं आई गं!" म्हणालं.

"आन् ह्यो आत कोण हाय?" सुभद्राबाई दचकल्या.

शालनबाईंनी तिळगुळाचा डबा शांतपणे पुढं केला.

"आमचा जुना बोका आहे. त्याच्या पिसवा काढायच्या राहिल्यात."

"बया! चावतो का गं?"

"छे हो. नुसता बोलतो."