एलिएसेरची मुकी गाडी

मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाची रिवाजातली मिरवणूक घरच्याच गाडीतून काढायची, असं एलिएसेरनं जाहीर केलं. मेव्हणा उबाल्दो आपली घोडागाडी द्यायला तयार होता. पण लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाला मेव्हण्याचा घोडा म्हणजे बापाचं नाक कापल्यासारखंच.

"गाडी ने," बायको नेरेइदा म्हणाली, "पण आधी तिचं बोंबलणं बंद कर. फोटोवाला बहिरा होईल."

बोंबलण्याचं मूळ होतं मॅनिफोल्ड. इंजिनाचा धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा हा बिडाचा तुकडा कधीचाच तडकला होता. कामागुए शहरात नवा मिळणं अशक्य, कारण गाडी आजोबांनी घेतलेली. म्हणजे आहे तोच जोडायचा. बीड जोडायचं तर आधी तापवावं लागतं, आणि त्या घरात तापवायची जागा एकच होती.

केक ठेवायला नेरेइदानं ओव्हन उघडला.

"हे काय आहे?"

"मॅनिफोल्ड. तापतोय."

"आणि माझा केक?"

"मावेल की शेजारी."

(पुढे पाहुण्यांनी त्या केकचा वास रमचा समजून तारीफ केली, ती गोष्ट वेगळी.)

जोडलेला मॅनिफोल्ड बसला आणि इंजिन इतकं गप्प झालं, की ते चालू आहे का हे बघायला एलिएसेरला बॉनेटवर हात ठेवावा लागला. छाती फुगवून, पांढराशुभ्र सदरा चढवून, नेरेइदाला शेजारी बसवून आणि गुलाबी झग्यातल्या लेकीला, दायामीला, उघड्या गाडीत मागे उभी करून तो निघाला.

पहिली गल्ली गेली. दारात कुणी नाही. दुसऱ्या गल्लीत एक कुत्रं उठलं आणि कूस बदलून परत झोपलं.

"बाबा, कुणीच बघत नाहीये," दायामी म्हणाली. वर्षभर याच दिवसाची वाट बघणाऱ्या पोरीचे डोळे भरून आले होते.

"हॉर्न वाजव," नेरेइदा म्हणाली.

"हॉर्न कुठाय? त्या आवाजापुढे लागायचाच नाही, म्हणून विकला मी."

"मग लोकांना कळणार कसं? रोज तुझा आवाज आला की सगळी दारं उघडतात, शिव्या द्यायला का होईना. कर परत तो आवाज."

एलिएसेरनं लेकीकडे पाहिलं आणि गाडी थांबवली. बॉनेट उघडून, स्वतःच आवळलेले नट त्यानं स्वतःच ढिले केले. बोटं भाजली, काजळी तोंडभर झाली, सदरा कामातून गेला. पण गाडीनं अशी डरकाळी फोडली, की खिडक्यांची तावदानं थरथरली. हातात झारे, केसांत रोलर, अशा बायका तावातावानं बाहेर आल्या. शिव्या द्यायला उघडलेली तोंडं दायामीला पाहून तशीच राहिली, आणि मग सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली. दायामी हसली. एलिएसेरला जग जिंकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी फोटो बघून नेरेइदाच्या बहिणीचा मायामीहून फोन आला.

"काय गोड दिसतेय गं पोर. गाडीही झकास. राग मानू नकोस, पण भाड्यानं ड्रायव्हर घेतलाच होता, तर जरा तोंड धुतलेला बघायचा होता. आणि एलिएसेर कुठे होता? पोरीच्या वाढदिवसालासुद्धा गाडीखालीच का?"