खांबावरचा रेडिओ

घड्याळजींच्या रेडिओवर एकच स्टेशन लागायचं, खरखरीचं. एरवी त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण गुरुवारी सकाळी अकराला त्यांच्या बायकोचं गाणं लागणार होतं. लग्नाआधी रेडिओवर म्हटलेलं, एकुलतं एक. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो ढीगभर, आवाज मात्र कुठेच नव्हता.

खरखर दारावरून जाणाऱ्या विजेच्या तारांची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. चाळीस वर्षं घड्याळांच्या पोटातले आवाज ऐकलेला कान तो! पण वीज कचेरीतल्या साहेबांनी मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. सेलवरचा जुनाट डबा खरखरणारच, विजेवर चालणारा घ्या, म्हणाले. घड्याळजींनी घेतला. तोही खरखरला. मग साहेब म्हणाले, आमचे तीनशे खांब आहेत, त्यातला कुठला ते शोधून सांगा.

आता आली का पंचाईत! घड्याळजी जुना रेडिओ कानाला लावून खांबाखांबाशी थांबत हिंडले. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झाला, असं गल्लीत ठरलं. सूनबाईने तर खिडकीच लावून घेतली. अखेर शिंप्याच्या दुकानासमोर रेडिओ असा कडकडला की शिंप्याची टीप वाकडी गेली. वायरमनने वर चढून पाहिलं, तर तारेखालची चिनी मातीची वाटी तडकलेली.

काम अर्ध्या तासाचं, पण नंबर महिन्याने लागेल, असं तो म्हणाला. त्याची नजर जुन्या रेडिओवर होती.

"काका, नवा घेतलात ना? मग हा कशाला ठेवताय?"

अडला हरी! घड्याळजींनी मुकाट्याने रेडिओ त्याच्या हातात दिला.

"गुरुवारच्या आत करतो," तो म्हणाला. आला गुरुवारीच, अकराला पाच कमी असताना, आणि आधी त्याने वीज बंद केली.

नवा रेडिओ गप्प झाला. घड्याळजी चपलाही न घालता धावले. शिंप्यासमोरच्या खांबावर, वायरमनच्या शेजारी, जुना रेडिओ दोरीने लटकत वाजत होता. तारांत वीजच नाही, तर खरखर कुठली! आणि ती गात होती. एकोणीस वर्षांची, जराशी घाबरलेली. घड्याळजी खांबाला धरून उभे राहिले.

वायरमनने खाली पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो खूश झाला.

"बघा काका, कसा स्वच्छ लागतोय! थांबा, सगळीच स्टेशनं ऐकवतो," तो म्हणाला, आणि त्याने बटण फिरवलं.