बॅटरीची प्रकृती उत्तम आहे

हयात पडताळणी कार्यालयातल्या एकुलत्या एका लॅपटॉपच्या बॅटरीचं आरोग्य बासष्ट टक्क्यांवर आल्याचं सोमवारी सकाळी साडेअकराला उघडकीस आलं आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

हा लॅपटॉप दाखलेबाईंच्या ताब्यात असे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, कॅमेऱ्यासमोर त्यांचा चेहरा आणायचा आणि माणूस जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, हे बाईंचं काम. दाखला मिळाला की वर्षभर औषधं घरपोच. नाही मिळाला तर महिनाअखेरीस माणूस कागदोपत्री मयत, आणि मयताला औषध देण्याची तरतूद कुठल्याच नियमात नाही. चार वर्षं बाई तो लॅपटॉप खांद्याला अडकवून लोकांचे जिने चढत होत्या. त्यांच्या गुडघ्यांचं आरोग्य किती टक्के उरलंय, हे कुणी काढलं नव्हतं.

"दिला तेव्हा शंभर टक्के होता," साहेब म्हणाले. "अडतीस टक्के गेले कुठे?"

"वय झालं, साहेब. रोज भरायची, रोज संपवायची. झिजणारच ना ती."

"कार्यालयाच्या मालमत्तेचं वय होत नसतं, बाई. ते कुणीतरी करतं."

बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली आणि बॅटरीसाठी आरोग्य समिती बसली. समितीने संगणकवाल्याला पाचारण केलं. तो सरळ माणूस होता, त्याने सरळ सांगितलं. "भरून रिकामी झाली की दर वेळी थोडी झिजते. पण नुसती ठेवली तरी म्हातारी होतेच. त्यात उकाडा आणि सतत काठोकाठ भरलेलं पोट, ही दोन तर तिला बिलकूल सोसत नाहीत. अजून वर्षभर निघेल. बिनधास्त वापरा, मग नवी टाकू."

समितीने पहिलं वाक्य इतिवृत्तात घेतलं. बाकीच्या वाक्यांपुढे 'नोंद घेतली' असं लिहिलं आणि चहा मागवला.

वापराने झिजते, सबब वापर बंद, असा ठराव झाला. लॅपटॉप पत्र्याच्या कपाटात ठेवला गेला. कपाटाला मागून भोक पाडून चार्जरची वायर आत सोडली आणि बटण कायमचं चालू ठेवलं, म्हणजे बॅटरीची उपासमार नको. कपाट पश्चिमेच्या खिडकीत होतं, पण तिथेच सॉकेट होता, त्याला कोण काय करणार! किल्ली साहेबांच्या खिशात. ज्यांना जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असेल त्यांनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी कपाटासमोर स्वतः हजर राहावं, अशी पाटी लागली.

वरिष्ठ कार्यालयाला दरमहा आरोग्य अहवाल जायचा होता. नुसत्या अहवालासाठी कपाट उघडणं ठरावात बसत नसल्यामुळे साहेबांनी आकडा विचारपूर्वक काढला. विश्रांतीने माणूस सुधारतो, मग बॅटरीने काय घोडं मारलंय? पहिल्या महिन्यात सत्तर, दुसऱ्यात एक्क्याऐंशी, तिसऱ्यात एक्क्याण्णव. वरून अभिनंदनाचं पत्र आलं, ते चौकट करून कपाटावरच लावलं. त्याच तीन महिन्यांत कपाटापर्यंत कुणीच पोचू शकलं नाही आणि सव्वाशे म्हातारे मयत ठरले. वरिष्ठांनी त्याचंही कौतुक केलं, कारण प्रलंबित प्रकरणं इतक्या झपाट्याने कधीच निकाली निघाली नव्हती.

चौथ्या महिन्यात एक सून बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिचे सासरे म्हणजे घड्याळवाले आजोबा. पन्नास वर्षं दुकानात बसून लोकांची घड्याळं चालती केलेली, आता हृदयाच्या गोळ्यांवर दिवस चालले होते.

"बाई, तिसरा मजला आहे हो. लिफ्ट नाही. बाबांना चार पावलं टाकली की धाप लागते. गोळ्या बंद झाल्या तर..."

बाई साहेबांकडे गेल्या. "साहेब, अर्ध्या तासात जाऊन येते. त्यांच्या घरी प्लगला लावते, बॅटरीला ढिम्म कळणार नाही."

"आणि जिन्यात तिला दगदग झाली तर? एक्क्याण्णव टक्के आहे ती, बाई. तुमचे आजोबा किती टक्के आहेत?"

बाईंना त्या क्षणी साहेबांचा मनापासून राग आला. तो गिळून त्या जागेवर येऊन बसल्या, कारण नोटिशीचा निकाल अजून लागायचा होता.

शेवटच्या दिवशी आजोबा आले. शेजारच्या चौघांनी खुर्चीसकट तीन जिने उतरवून आणलं. ओठ निळसर पडलेले, श्वास तुटक, पण दाढी नीट केलेली होती, फोटो निघणार म्हणून. चौघांनी खुर्ची टेकवली आणि कामाला उशीर होतोय म्हणत ते निघून गेले. साहेबांनी समारंभपूर्वक कपाट उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ आली. लॅपटॉपचं बूड वर उचललं गेलं होतं आणि झाकण मिटत नव्हतं.

आजोबांनी मान पुढे काढून बघितलं. "फुगली की हो ही. कोंडून ठेवली वाटतं?"

"हात लावू नका! पेट घेईल!" संगणकवाला दारातूनच ओरडला.

"मेली म्हणायची का?" बाईंनी विचारलं.

"कशी मेली?" साहेबांनी पत्राकडे बोट दाखवलं. "एक्क्याण्णव टक्के आहे. तब्येत बरी नाही एवढंच." मग ते आजोबांकडे वळले. "आजोबा, तुम्ही समोर दिसताय, याबद्दल कार्यालयाचं दुमत नाही. पण नोंद यंत्रावर लागते. पाचला मुदत संपते."

पाचला दहा कमी होते. बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. यंत्र बंद पडल्यास, त्या दिवशी त्या व्यक्तीला जिवंत पाहिलेल्या दोघांच्या सहीवर हाताने लिहून दाखला देता येतो, आणि त्यात नातेवाईक चालत नाही. पहिली सही बाईंनी स्वतः केली. नोटीस गेली खड्ड्यात. संगणकवाला फायर एक्स्टिंग्विशर आणायला धावला होता, साहेब बैठकीला गेले होते. दालनात चौकशीला आलेली चाळीस माणसं होती.

"एक सही कराल का? आजोबांना बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं हो, पण पुढे लफडं नको," एकाने सांगितलं. दुसऱ्याने नुकताच आलोय म्हटलं. बाकीचे फोन काढून कोपऱ्यातला चार्जिंगचा आकडा बघत राहिले आणि सॉकेट कुठे मोकळा आहे ते शोधू लागले. सून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

पाचला दोन कमी आहेत. आजोबा अजून खुर्चीत आहेत, श्वास चालू आहे. तुम्हीही त्यांना मघापासून पाहताय, आणि तुम्ही त्यांचे नातेवाईकही नाही. बाईंनी पेन तुमच्यापुढे धरलंय. तुम्ही मात्र फोनच्या कोपऱ्यात किती टक्के उरलेत, ते बघताय.