विचाराधीन सुरा

पांचाळकाकांच्या हातात सुरी दिली की ते आधी तिचा वास घेतात. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या एका वाढदिवसाला केकची सुरी चुकून त्यांच्या हाती गेली. मेणबत्त्या वितळून केकवर आल्या तरी काकांची तपासणी चालूच. शेवटी म्हणाले, "बिल्कुल सुंदर. बिल्कुल कंडम." मग आम्ही टाळ्या वाजवल्या.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेत. घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी आणि रागावले की फायलीवरचं इंग्रजी. पण लोक त्यांना ओळखतात ते फौजी सुऱ्यांमुळे. कारखान्यातल्या नव्हेत, तर जवानांनी एखाद्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवून घेतलेल्या. त्यांच्यावर ना शिक्का असतो ना नंबर. सुरा कुठला, किती जुना, खरा की कालपरवा बाजारासाठी केलेला, हे काका सांगतात.

दर रविवारी दहा ते बारा दरबार. निवृत्त सुभेदार, आजोबांची ट्रंक उघडलेले नातू, ऑनलाइन 'महायुद्धातला खंजीर' घेऊन बसलेले गुरुग्रामचे तरुण. त्यातले निम्मे माझी बेल वाजवायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुरा घेऊन दारात उभा असलेला अनोळखी माणूस तिसऱ्यांदा पाहिल्यावर मी दोन कामं केली. काकांच्या दाराकडे जाणारा बाण चिकटवला आणि एक रजिस्टर सुरू केलं. तारीख, मालक, वस्तू, कोणी घडवली, निकाल. रविवारी तसंही मला दोन तास मोकळे असतात.

काकांची पद्धत ठरलेली. आधी वास. जुन्या चामड्याच्या मुठीला घामाचा आणि तेलाचा वास येतो, नकलीला चहाचा, कारण रंग यावा म्हणून ती चहात बुडवलेली असते. मग पात्यावरच्या कानशीच्या रेघांवरून अंगठा. "मशीनला दोन्ही बाजू सारख्या, सुनंदा," ते मला सांगतात. "हाताने केलेल्या वस्तूला एक बाजू आवडती असते." दोन मिनिटांत निकाल, आणि निकालात दयामाया नाही. महायुद्धवाल्या एका तरुणाला त्यांनी मुठीतला स्क्रू दाखवला आणि म्हणाले, "बेटा, ये पेच तुमसे छोटा है."

'कोणी घडवली' या रकान्यात मात्र मी प्रत्येक ओळीत 'अज्ञात' लिहीत आले. काका म्हणत, रकानाच काढून टाक. लोहाराचं नाव कोण ठेवतं?

गंमत म्हणजे काकांच्या स्वतःच्या घरात एकही जुना सुरा नाही. भाजी चिरायला सरोजिनी नगरच्या फुटपाथवरून आणलेली प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी. एकदा विचारलं, तर म्हणाले की वडील लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये लोहार होते, सुट्टीच्या दिवशी जवानांना सुरे करून द्यायचे. शेकडो केले असतील. घरी एक राहिला नाही. आणि लगेच विषय बदलून माझ्या गॅसच्या नळीची मुदत विचारली.

मार्चअखेर मी सोसायटीची सगळी रजिस्टरं तपासते, त्यांत हेही घेतलं. काकांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक नोंद पूर्ण होती, एक सोडून. इंदिरापुरमचे नेगीजी, बँकेतून निवृत्त, वडिलांचा सुरा. तीन वर्षांत पाच वेळा आले होते आणि पाचही वेळा काकांनी निकालात एकच शब्द लिहायला लावला होता: विचाराधीन. दोन मिनिटांचा माणूस तो सुरा घेऊन अर्धा अर्धा तास बाल्कनीत बसायचा. नेगीजी आत चहा पीत पेपर वाचायचे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी नेगीजी सहाव्यांदा आले. फ्लॅट सोडला, म्हणाले; आठवड्यात कोटद्वारच्या पुढे डोंगरात गावी जायचंय, कायमचं. आज निकाल द्या.

काकांनी सुरा उलटसुलट केला. आणखी एकदा पाहावा लागेल, म्हणाले.

मला राहवलं नाही. "काका, पाच वेळा पाहिलाय. ते निघालेत गावाला."

काकांनी सुरा टेबलावर ठेवला. कानशीच्या रेघा उलट्या तिरक्या आहेत, म्हणाले, म्हणजे घडवणारा डावखुरा. "माझे वडील डावखुरे होते. पण डावखुरे लोहार पुष्कळ." मुठीत चामड्याच्या काळ्या चकत्या एकावर एक बसवल्या होत्या, त्यांच्यामध्ये एक निळी पट्टी होती. काकांनी तिच्यावर बोट टेकवलं.

"ये नीला वाला मेरा कंघा है."

शोभेसाठी रंगीत काही हवं होतं, तेव्हा वडिलांनी पोराचा नवा कंगवा कापला. "मैं दो दिन रोया था."

नेगीजींनी चष्मा काढून पट्टी पाहिली, मग काकांकडे पाहिलं. "पहली बार में ही बोल देते, पांचाळ साहब."

"बोल देता तो आप दोबारा आते?"

नेगीजींनी सुरा हळूच काकांच्या बाजूला सरकवला. काकांनी तो तितकाच हळू परत सरकवला. ऑर्डरचा माल घरात ठेवायचा नसतो, म्हणाले. वडिलांनी ऐकून घेतलं नसतं. तुमच्या वडिलांनी करवून घेतला, तुमच्याकडेच राहू दे.

मी रजिस्टर उघडलं. 'कोणी घडवली' या रकान्यावर पेन ठेवून थांबले. काकांनी नाव सांगितलं, गणपत सखाराम पांचाळ. मी लिहिलं तरी त्यांनी ते पुन्हा सांगितलं, जरा सावकाश.

नेगीजींनी सुरा गुंडाळला. दारात वळून म्हणाले, पुरानी चीज़ है, साल में एक बार तो जाँच होनी चाहिए. गाव लांब आहे, पण दोन खोल्या आहेत. काकांनी ठीक आहे, बघू, असं सरकारी उत्तर दिलं आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आले.

मग कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "कोटद्वारची बस कुठून सुटते गं?"

कश्मीरी गेटहून, मी म्हटलं. वेळा काढून देते.

"नको, नको. मी आपलं सहज विचारलं."

हात पुसून ते आत गेले, माळ्यावरून एक जुनी बॅग काढली आणि तिची चेन चालते का ते बघत बसले.