व्हीनसच्या देवळाची मागची बाजू

आमचे शेजारी अरविंदकाका लग्नाला गेले की नवरानवरीला भेटण्याआधी स्टेजच्या मागे जातात. माझ्या भाचीच्या रिसेप्शनला ते फुलांच्या पडद्यामागून बाहेर आले आणि थेट नवऱ्यामुलाच्या आईला म्हणाले, "समोरून छान आहे. पण मागे दोन ठिकाणी नुसती टेप आहे. फॅमिली फोटो लवकर उरका."

काका शिकागोत स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. आता रिटायर्ड, एकटेच. इथे देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानात लाडवांचा मनोरा दिसला तरी विचारणार, "हे उभं कशावर आहे?" हल्ली दुकानदारच आधी सांगून टाकतो, "काका, अंदर डिब्बा है."

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना म्युझियममध्ये नेलं. तिथे अठराव्या शतकातलं एक इटालियन चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. ढगांवर प्रेमदेवता व्हीनसचं देऊळ, कबुतरांचा रथ, खाली ही गर्दी. पाटीवर लिहिलं होतं, की हे देऊळ रोममध्ये एका उत्सवापुरतं लाकूड, कापड आणि प्लास्टरचं उभारलं होतं. आतिशबाजी झाली, खेळ खलास.

"अगं, हा तर मंडप!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की गार्ड आला.

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला अपॉइंटमेंट घेऊन जातो. म्युझियमच्या अभ्यासिकेत चित्र टेबलावर मांडून देते ती रिया, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. पहिल्याच दिवशी काका तिला म्हणाले, "मागची बाजू दाखव."

तिने अलगद कागद उलटला. "इट्स ब्लँक, काका."

"कागदाची नव्हे गं, देवळाची!"

ती कुणी काढलेलीच नव्हती. मग काकांनीच आपल्या वहीत काढायला घेतली. वासे, आडव्या पट्ट्या, दोरांच्या गाठी. मला मात्र दाखवेनात. "अजून भाराचं गणित बसत नाहीये," म्हणायचे.

परवा ते पाणी प्यायला गेले तेव्हा रियाने आणि मी हळूच डोकावून पाहिलं. व्हीनसच्या पाठीमागे शिडीवर एक माणूस चढला होता. धोतर खोचलेलं, तोंडात खिळे. रोममध्ये धोतर! मला हसू फुटलं. पण त्या माणसाला चेहराच नव्हता.

"हू इज ही?" रियाने विचारलं. काका दारात उभे होते.

"माझे वडील. मिरजेत मंडप घालायचे." एरवी अर्धा तास बोलणारा माणूस इथे अडखळला. "पुढे सगळ्या गावाचे फोटो निघायचे. हे मागे. एकही फोटो नाही गं त्यांचा. मी लहान होतो, चेहरा नीट आठवत नाही."

काकांनी पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली.

"आई म्हणायची, माझं नाक त्यांचंच आहे."

रियाने फोनचा कॅमेरा उलटा फिरवला आणि काकांच्या तोंडासमोर धरला. काका स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "जरा डावीकडे धर. हां, आता हलू नकोस."

आणि त्यांनी नाकापासून सुरुवात केली.