आतला माणूस

बोधगयेच्या गाडीला अजून अकरा दिवस अवकाश होता, तरी ललिताबाईंची बॅग भरून झाली होती. अकरा वर्षांत त्या पोल्ट्री सोडून एका रात्रीसाठीही कुठे गेल्या नव्हत्या. तीन हजार कोंबड्या कुणाच्या लग्नाकार्यासाठी थांबत नाहीत, आणि ठेवलेला प्रत्येक गडी पंधरा दिवसांत पळून जाई. कुणी वासाने जाई, कुणी धर्मपालांच्या सूचनांनी. दोन महिन्यांपूर्वी देवमन आला आणि टिकला. सांगायच्या आधी खाद्य टाकायचा, पाण्याच्या टाक्या घासायचा, आजारी कोंबडी वेगळी काढायचा. त्याच्याच भरवशावर ललिताबाईंनी महिला मंडळाच्या सहलीत नाव दिलं होतं.

धर्मपाल एकतीस वर्षं अकोल्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर बार्शीटाकळीजवळच्या शेतात त्यांनी ही पोल्ट्री काढली, तीही पुस्तक वाचून. छापलेला कागद हाती आला की त्यांना तो शेवटच्या ओळीपर्यंत खरा वाटे, आणि स्वतःचं मत मात्र पहिल्या शब्दापासून खोटं.

त्या दिवशी ते अमरावतीला पोल्ट्रीवाल्यांच्या शिबिराला गेले होते. तिथे पुण्याहून आलेल्या एका सल्लागाराने पडद्यावर चित्रं दाखवून सगळ्यांचा थरकाप उडवला. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारी मंडळी हल्ली मजूर बनून फार्मवर कामाला लागतात, त्यांच्या शर्टाच्या बटणात कॅमेरा असतो, आणि महिनाभराने तुमची मेलेली कोंबडी साऱ्या जगाच्या मोबाइलवर दिसते, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी त्याने एक पत्रक वाटलं. ‘आतला माणूस कसा ओळखावा? सात खुणा.’

परतीच्या एसटीत धर्मपालांनी ते पत्रक चारदा वाचलं. सांगितल्यापेक्षा जास्त काम करतो. सारखे प्रश्न विचारतो. बाजाराच्या दिवशीही सुट्टी मागत नाही. आधी कुठे होता ते सांगत नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत देवमनच्या चार खुणा भरल्या होत्या.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुद्दाम कोंबडी करायला लावली आणि देवमनला पंगतीला बसवलं. देवमनने वाटी हळूच बाजूला सारली.

“काऊन रे, खात नाई?”

“दिवसभर त्यायच्याच तोंडाकडे पाहतो, मालक. मंग ताटात ओळखीचं वाटते.”

‘मांस टाळतो’ ही पाचवी खूणही भरली. देवमन गेल्यावर धर्मपालांनी पत्रक ललिताबाईंपुढे धरलं.

“सातातल्या पाच जमल्या,” ते कुजबुजले.

“सोयरीक जुळवून राहिले काय?” ललिताबाई म्हणाल्या. “गडी काम चांगलं करते, हाच गुन्हा हाये काय त्याचा?”

“तेच तं पह्यल्या नंबरवर लिवलं हाये.”

“आयका. मी गयेले जानार म्हंजे जानार. त्याले काढसान तं तीन हजार अंडे तुमीच उचलसान.”

देवमनला काढायची सोय नव्हती, तेव्हा धर्मपालांनी बंदोबस्त सुरू केला. दोन्ही शेडना चारी बाजूंनी हिरवी जाळी लावली. अकरा वर्षं सताड उघडं असलेल्या गेटला कुलूप आलं. अंडी निवडायला येणाऱ्या बायकांचे मोबाइल बादलीत ठेवून घेतले, तेव्हा त्या दिवसभर अंडी जरा जोरातच ठेवत होत्या. गेटवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली. ‘आत काय चालते याची चौकशी करू नये.’ आजवर त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणीही तशी चौकशी केली नव्हती. आता मोटारसायकली थांबू लागल्या.

सगळ्यांत अवघड होतं ते कॅमेऱ्यासमोर वागणं. देवमनच्या कोणत्या बटणात तो असेल ते कळत नसल्याने धर्मपाल त्याच्या सगळ्याच बटणांकडे बघून बोलत. कोंबड्यांना आजवर ते “हट्, सर तिकडे” असं म्हणत आले होते. देवमन जवळ आला की ते खाद्याची पाटी अदबीने पुढे करत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषेत म्हणत, “या, सावकाश खा. काही कमी पडलं तर निःसंकोच सांगा.” कोंबड्या काही सांगत नसत. देवमन मात्र हातातलं काम ठेवून मालकांकडे बघत राही, आणि त्या बघण्याने धर्मपालांचा संशय आणखी घट्ट होई.

गाडीला दोन दिवस उरले तसा त्यांना धीर निघेना. आपण गावाला जाणाऱ्या बायकोच्या मागे शत्रूच्या हाती फार्म देतो आहोत, की एका भल्या माणसावर उगाच आळ घेतो आहोत? दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच खऱ्या वाटत होत्या. पत्रकाच्या तळाशी ‘यांच्यापासून सावध’ म्हणून अमरावतीच्या ‘मुक्या जिवांचा मंच’ या संस्थेचा पत्ता छापला होता. दर रविवारी सभा, कुणीही यावं. रविवारी सकाळी धर्मपाल निघाले.

“थं जाऊन काय म्हनसान?” ललिताबाईंनी विचारलं.

“काई नाई. मांग बसीन अन् देवमनचं नाव निघते काय आयकीन.”

मागे बसणं जमलं नाही, कारण सभेला एकंदर चार माणसं होती. एका कोचिंग क्लासच्या वरची ती लहानशी खोली. चौघांनीही उठून त्यांना खुर्ची दिली. जुईली नावाची एक मुलगी सभा चालवत होती, तिच्याबरोबर गौरांग नावाचा तरुण वकील होता. नवा माणूस आला याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की धर्मपालांना नाव सांगण्याआधी चहा मिळाला.

“काका, तुम्हाला कोंबड्यांबद्दल काय वाटतं?” जुईलीने विचारलं.

हा प्रश्न अकरा वर्षांत त्यांना कुणीच विचारला नव्हता, घरच्यांनीही नाही. आपण इथे कशाला आलो ते विसरून धर्मपाल पाऊण तास बोलले. मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला की कोंबडी चोच उघडून कशी उभी राहते, तेव्हा ओली बारदानं टांगून दर अर्ध्या तासाने पाणी कसं मारावं लागतं, एका उन्हाळ्यात एका दुपारी दोनशे कोंबड्या गेल्या तेव्हा घरात कुणी जेवलं कसं नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. जुईलीने लिहिणं थांबवलं होतं. गौरांग चष्मा पुसत होता.

मग भानावर येऊन त्यांनी घाम टिपला आणि अगदी सहज आवाजात विचारलं, “तुमची माणसं फार्मवर कामाला लागतात म्हणे?”

गौरांग ओशाळला. “इच्छा खूप आहे हो. पण जुईलीला पिसांची ॲलर्जी आहे. मी एकदा गेलो होतो, तर वासानेच चक्कर आली. गेटपासूनच परत आणलं मला. या दोघांना तर घरून परवानगी नाही.”

म्हणजे देवमन निर्दोष होता. धर्मपालांना इतकं हलकं वाटलं की ते निघायला उठलेच. तेवढ्यात जुईली म्हणाली, “काका, तुम्हीच का नाही जात? पूर्वी कधी कोंबड्या पाळल्या असतील तुम्ही, म्हणून तर इतकी माहिती आहे. आणि बार्शीटाकळीजवळच्या एका फार्मबद्दल तीन जणांनी आम्हाला कळवलं आहे.”

धर्मपाल परत बसले.

“आठवडाभरात त्याने सगळं जाळीने झाकून टाकलंय,” गौरांग म्हणाला. “गेटला कुलूप. बायकांचे मोबाइल काढून घेतो. आणि बाहेरची पाटी तर इतकी उद्धट आहे, की आत काहीतरी भयंकर चालू असणार.”

तो फार्म माझाच, हे सांगायला धर्मपालांनी तोंड उघडलं. पण ज्या माणसाला एकतीस वर्षांत एकाही मास्तराकडे उशीर झालेलं पुस्तक परत मागता आलं नव्हतं, त्याला चार विश्वासू चेहऱ्यांसमोर हे जमणार कसं? ते नुसतं “बघतो” म्हणाले. जुईलीने त्याचा अर्थ होकार असाच घेतला. त्यांचा फोन नंबर टिपून घेतला, आणि त्यांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण काढून तिथे स्वतःच्या हाताने दुसरं एक बटण शिवून दिलं.

संध्याकाळी धर्मपाल परतले तेव्हा गेटजवळ देवमन पिशवी भरून बसला होता. त्याची मनोमन माफी मागत धर्मपाल पुढे झाले. देवमनची नजर त्यांच्या छातीवर गेली आणि तो उठून उभा राहिला.

“हे बटन सकायी नव्हतं, मालक.”

धर्मपालांनी हात ठेवून बटण झाकलं. त्याने प्रकरण आणखीच बिघडलं.

“मले आठ दिवसापासून शक होता,” देवमन म्हणाला. “म्हून पिशवी भरली. वाशिमकडं मी ज्या फार्मवर होतो, थं असाच एक आला होता. गोड बोले, कोंबड्यायले अहोजाहो करे, अन् बटन असंच. फार्म बंद पडला, आमी सात जनं घरी बसलो. नोकरी पुन्हा जाऊ नये म्हून इथं मी बाजाराची बी सुट्टी नाई घेतली. मालक असून कोनी कोंबडीले निःसंकोच म्हनते काय?”

“अरे पन मी मालकच हाओ.”

“थो बी मुकादम म्हनूनच आला होता.”

आवाज ऐकून ललिताबाई बाहेर आल्या. त्यांनी देवमनची पिशवी पाहिली, नवऱ्याचा छातीवरचा हात पाहिला आणि धर्मपालांना खरं काय ते सांगायला लावलं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी पाऊण तासाच्या भाषणासकट. मध्येच ललिताबाईंनी पदर तोंडाला लावला, तो रागाने की कशाने ते कळलं नाही. परवा सकाळी गाडी होती. देवमन गेला तर ती त्यांच्यावाचूनच निघणार होती.

“देवमन,” त्या अखेर म्हणाल्या, “तू काऊन जातं? ज्याच्यापासून धोका हाये त्यालेच बाहेर काढू.”

देवमनने विचार केला. मालक गाडीत बसेपर्यंत फार्मच्या गेटाआत पाय ठेवणार नाहीत, किल्ली आपल्याकडे राहील आणि जाळी उद्याच निघेल, या अटींवर तो थांबायला तयार झाला. मंडळाच्या सुंदराबाईंचा पाय मुरगळल्याने गाडीत एक जागा रिकामी होतीच. सामान चढवायला-उतरवायला एक पुरुष असलेला बरा, असं ललिताबाईंनी फोनवर मंडळाला पटवलं. धर्मपालांना कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी दिवसभर ते गेटबाहेर खुर्ची टाकून बसले होते. आत देवमन जाळी सोडवत होता. एकदा पाणी प्यायच्या निमित्ताने धर्मपालांनी गेटला हात लावून पाहिला, तर देवमनने आतूनच मान हलवली आणि पाण्याचा गडू गजांतून बाहेर दिला. तेवढ्यात फोन वाजला. जुईली होती.

“काका, काही जमलं का? शिरता आलं आत?”

धर्मपालांनी कुलपाकडे पाहिलं, कुलपामागे कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवमनकडे पाहिलं, आणि या खेपेला ते न अडखळता बोलले.

“नाही गं, बेटा. फार कडक माणूस ठेवलाय त्यांनी.”