खुर्ची मागणाऱ्याची बाजू

सावंत भावजी आयुष्यात कधी खुर्चीतल्या माणसाच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. मराठी मंडळाच्या ज्या अध्यक्षाला त्यांनी घरोघर फिरून निवडून आणलं, त्यालाच पाडायला पुढच्या वेळी हेच घरोघर.

स्टुटगार्टजवळच्या आमच्या शहरात ते बाउहोफमध्ये होते. म्हणजे नगरपालिकेचे रस्ते, बागा, बर्फ सांभाळणारं खातं. युनियनचे कट्टर कार्यकर्ते. आमच्या ह्यांच्या नोकरीपायी मी इथे आले तेव्हा पन्नाशीची, म्हणजे अगदीच कोवळी. दिव्याच्या खांबांवर हसरे चेहरे बघून विचारलं, "एवढ्या सगळ्यांचे वाढदिवस एकाच महिन्यात?"

भावजींना ठसका लागला. "वहिनी, महापौराची निवडणूक आहे!"

"मग युनियनचा पाठिंबा आत्ताच्यालाच ना? ओळखीचा आहे." मी पुणेरी शहाणपण पाजळलं.

"आल्झो, ऐका. महापौर म्हणजे आमचा मालक. बर्फ काढायला माणसं वाढवा म्हटलं की नुसती मान डोलावतो. त्याला आमची गरज संपलेली असते. खुर्ची मागणाऱ्याला असते. तो बाउहोफमध्ये येतो, आमची पाणचट कॉफी पितो, नावं विचारतो."

"आणि निवडून आल्यावर?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! तोही मालक. मग आपण नवा उमेदवार शोधायचा."

"हरला तर?" खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून हे म्हणाले. "जुना डूख धरेल."

"धरू दे. पण यांच्यावाचून आपलं अडत नाही, हा त्याचा माज तरी उतरतो."

दर रविवारी दोघा मित्रांची ही जुगलबंदी. चहा माझा.

ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावजींनी लग्न केलंच नाही. रविवारी अजून येतात, गुडघे कुरकुरत असले तरी ह्यांची खुर्ची रिकामी सोडून स्टुलावरच बसतात.

परवा पुन्हा निवडणुकीचे चेहरे खांबांवर चढले. मी उगाचच बरी साडी नेसले. नात म्हणाली, "आजी, शिक!" म्हणजे झकास दिसतेस. पन्नाशीतल्या बावळट बाईला मी हसते, पण सत्तरीतली तरी कुठे शहाणी?

भावजी नव्या उमेदवाराची पत्रकं घेऊन आले. स्टूल ओढायला वाकले, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "त्या खुर्चीत बसा की आता."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खिडकीकडे.

"नको, वहिनी. एवढ्या एका खुर्चीपुरता आपला पाठिंबा जुन्यालाच."

मी आलं किसायला वळले. उमेदवार उभाच राहत नसेल, तर मतदारानं काय करावं?